पणजोबांच्या जागी वज्रांक

मंडळी, मांबलम स्टेशनजवळच्या ब्राउझिंग सेंटरमधून, म्हणजे सायबर कॅफेतून लिहितोय. आज सकाळी माझ्या वडिलांचं, अप्पांचं वर्षश्राद्ध झालं.

आपल्या ई-मेलवरच्या काल्पनिक राज्याच्या खेळासाठी पूर्वजांना पुजणारा धर्म मीच रचलाय. त्यातल्या राजघराण्याच्या अकरा पिढ्या मला तोंडपाठ आहेत.

भटजींनी तिसऱ्या पिंडासाठी पणजोबांचं नाव विचारलं. मला ते येईना. सगळे थांबलेले. घाबरून तोंडातून निघालं, "वज्रांक." आपल्या खेळातला मूळपुरुष! भटजींनी तेच नाव मंत्रात घेतलं आणि मी पिंड ठेवला.

मागून आईने हळूच विचारलं, "हे कोण रे?"

खरं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. ते फक्त अप्पांना माहीत होतं. आजारपणात ते म्हणाले होते, "घराण्याची नावं लिहून घे रे, पुढं कोण सांगणार तुला?" माझ्या हातात तेव्हा पेनच होतं. वज्रांकाची वंशावळ लिहीत होतो. म्हणालो, "उद्या, अप्पा."

घरच्यांनी ज्याचं नाव घेतलं नाही, तो पूर्वज दाराबाहेर उपाशी उभा राहतो, असा नियम मीच आपल्या खेळात घातलाय.

मंडळी, तेवढा एक नियम खोडू या का?