फोटोला घातलेला हार

चीनच्या लढाईला वर्ष झालं आणि आमच्या चिंचणीतल्या पुढाऱ्याला एकाएकी देशप्रेमाचा उमाळा आला. लढाई चालू होती तेव्हा हा गृहस्थ घरात रॉकेलचे डबे दडवत होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण बोलणार कोण!

माझा थोरला भाऊ त्या लढाईत बेपत्ता झाला होता. तारेत तेवढंच होतं, बेपत्ता. सरकारने मेला म्हटलं नाही, म्हणून आईनेही म्हटलं नाही. वहिनी रोज कुंकू लावायची. आई रोज त्याच्या वाटणीची भाकरी टोपलीत झाकून ठेवायची, सकाळी गाईला घालायची. त्या एका शब्दावर आम्ही तिघी जगत होतो.

पुढारी घरी आला. "काकी, पोराचा फोटो द्या. सभेत ठेवायचाय. गावाचा मान हाय तो." आईने भिंतीवरचा फोटो पदराने पुसून दिला. भोळी बिचारी!

शाळेच्या पटांगणात गेलो तर फोटोला हार, काचेवर गंध, पुढ्यात उदबत्ती. आईने माझं मनगट घट्ट धरलं. पुढारी भाषणात गळा काढून रडला. डोळ्यांत एक थेंब असेल तर शपथ! मग वहिनीला वर बोलावलं. त्याची बायको ओटीचं तबक घेऊन उभी. तिने करंड्यात बोट बुडवलं आणि थबकली. नवऱ्याकडे वळून विचारते, "अवो, इला कुंकू लावायचा का नाय?"

समोर माइक. साऱ्या पटांगणाने ऐकलं.

पुढारी पायांकडे बघत बसला. भावाला शहीद करून मोकळा झाला होता, आता बायकोला उत्तर द्यायला जीभ उचलेना. मुडदा बशिवला त्याचा!

वहिनीने स्वतःच करंड्यातलं कुंकू घेतलं, कपाळावर ठसठशीत लावलं. फोटोचा हार काढून टेबलावर टाकला आणि फोटो उराशी धरून खाली उतरली. मला तिचा इतका अभिमान वाटला की टाळ्या वाजवाव्यात. वाटलं, जिंकलो आपण.

घरी येऊन आईने फोटो खिळ्याला लावला. काचेवरचं गंध पुसलं. चूल पेटवली, परात ओढली. चिन्यांनी माझ्या भावाला मारलं की नाही, देव जाणे. त्या संध्याकाळी आईने तीनच भाकऱ्या थापल्या.