जन्माआधीचा फोटो

माझ्या थोरल्या मुलीला तिच्या जन्माआधी नीट पाहिलं ते पनवेलच्या बाबूशेट फोटोग्राफरनं.

त्याचं असं झालं. साठच्या आसपासचा काळ. सोनोग्राफी हा शब्दही तेव्हा आमच्या कानांवर आलेला नव्हता. बायकोला नववा लागलेला आणि पोट एवढं मोठं, की डॉक्टरांना जुळ्याचा संशय आला. मुंबईला नेऊन एक्स-रे काढला, प्लेट घेऊन शनिवारी परतलो, तर डॉक्टर लग्नाला गावी गेलेले! सोमवारी येणार. शहाण्या माणसानं पाकीट कपाटात ठेवून दिलं असतं. मी शाळामास्तर; मी ते उघडलं.

प्लेट खिडकीशी धरली. सगळीकडे ढग आणि ढगांत फासळ्या. (बाळाच्या की बायकोच्या, देव जाणे!)

"अवो, येक हाय का दोन?" बायकोनं विचारलं.

"बघतोय," मी म्हणालो आणि थेट बाबूशेटचा स्टुडिओ गाठला. निगेटिव्हच्या काळ्या काचा वाचण्यात त्याची हयात गेली होती.

त्यानं प्लेट दिव्यासमोर धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. "येकच हाय, मास्तर. हे बघा डोकं, ही पाठ. झ्याक बसलंय, डोकं वर करून!"

"पण कोपऱ्यातलं हिचं नाव उलटं दिसतंय."

"निगेटिव्हमधे उलटंच दिसायचं! माझ्याकडं आजवर येक गिऱ्हाईक खाली डोकं करून बसलं नाय."

हे मला पटलं! (आजही नवल वाटतं.) आणि मग एकदम लक्षात आलं. डोकं वर म्हणजे पाय खाली. मूल पायाळू!

घरी ही बातमी देताच जवळच्या कोन गावाहून आलेल्या सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "पायालू? आता गो बाय! पोर अडलं तं काय करू आमी?"

मी खरोखर घाबरलो होतो. रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा काढला: मूल फिरत नसेल तर आई फिरवायची! बायकोच्या खाटेच्या पायथ्याखाली चार-चार विटा लावल्या. पाय वर, डोकं खाली.

"अवो, घास उलटा येतोय!"

"बाळासाठी सोस जरा."

"मंग तुमीच झोपा हितं!"

सोमवारी डॉक्टर आले ते दारातच थबकले. "मास्तर, ही खाट बुडतेय का?"

मी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी प्लेट घेतली, शांतपणे उलटी फिरवली. कोपऱ्यातलं नाव झटकन वाचता आलं.

"मूल एकच आहे, आणि डोकं खालीच होतं. अगदी हवं तसं."

'होतं' हा शब्द ऐकून मी खाटेखालच्या विटांकडे पाहिलं. दीड दिवस मी त्या चांगल्या मुलाला उलटं करण्यासाठी जिवाचं रान केलं होतं! सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की प्लेटशिवाय माझ्या फासळ्या दिसाव्यात.

डॉक्टरांनी आधी विटा काढायला लावल्या. मग पोटावर हात ठेवून बराच वेळ चाचपलं.

"जागचं हललेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "बापाचं अजिबात ऐकलेलं नाही."

गुरुवारी मुलगी सुखरूप झाली. तिला आता नातवंडं आहेत. माझं ती अजूनही ऐकत नाही, आणि मीही आताशा आग्रह धरत नाही. आमच्या घरात जे काही सुरळीत पार पडलं, ते असंच माझं न ऐकल्यामुळे!