अक्कांच्या व्हरांड्यातलं आमचं सिलिंडर

सहा वर्षांपूर्वी आम्ही राजाजीनगर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायला आलो. दूधवाला बदलला, मुलीची शाळा बदलली, बँकेतला पत्ता बदलला. गॅसची एजन्सी तेवढी बदलली नाही. बायको विचारायची, "कार्ड कधी ट्रान्सफर करणार?" मी म्हणायचो, "करतो." एका अर्जाचं काम होतं. आमच्या गेटासमोरच्या एजन्सीत नेऊन दिला असता की झालं. पण कार्डावर जुनाच पत्ता राहिला, आणि फोन नंबर राहिला अक्कांचा.

अक्का म्हणजे आमच्या जुन्या घरमालकीण. त्यांचं घराणं इथं इतक्या पिढ्यांपासून आहे की त्यांच्या मराठीत कन्नड कुठं सुरू होतं ते त्यांनाही सांगता येत नाही. खाली त्या एकट्या, वर आम्ही. मी निपाणीकडचा. नवीन नोकरी, हातात तीन महिन्यांचं बाळ, आणि गॅस कनेक्शन मिळायला वेळ होता. पहिल्याच सकाळी बाळाच्या अंघोळीचं पाणी कशावर तापवायचं म्हणून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे होतो, तेवढ्यात जिन्यात खण्‌ खण्‌ आवाज झाला. अक्का स्वतःचं सिलिंडर एकेक पायरी टेकवत वर आणत होत्या. मी धावलो.

"अक्का, तुमचा स्वैपाक?"

"माझं काय रे अण्णा, मी बहिणीकडं जेवते. पोराला गार पाण्यानं धुणार काय?"

मी वयानं त्यांच्या मुलासारखा, तरी त्या मला अण्णा म्हणायच्या. इथली रीतच तशी. आमचं कनेक्शन येईपर्यंत बारा दिवस त्या बहिणीकडं जेवल्या. बहीण यशवंतपूरला राहते हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे जेवायला त्या रोज बसनं जात होत्या.

आमचं कार्ड झालं तेव्हा माझा मोबाईल नंबर सारखा बदलत होता, म्हणून अक्कांचा दिला. तेव्हापासून बुकिंग त्याच करायच्या. सिलिंडरवाला आला की फोनवर आलेला नंबर चष्मा लावून, बोट ठेवून त्याला वाचून दाखवायच्या. आम्ही निघालो त्या दिवशी टेम्पो भरून झाल्यावर म्हणाल्या, "कार्ड इथंच असू दे. आपला माणूस वजन बरोबर देतो. तिकडचे कसे असतात कुणास ठाऊक."

"सरी, अक्का," मी म्हणालो. सरी म्हणजे बरं.

वजनाचं कारण खोटं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

मी बोलका माणूस नाही. घरात सलग चार वाक्यं बोललो तर बायको माझ्या कपाळाला हात लावून ताप बघते. कामाशिवाय कुणाच्या दारात उभं राहणं मला आजवर जमलेलं नाही. बेल वाजवायची, दार उघडल्यावर म्हणायचं काय? पण सिलिंडर न्यायला आलो, हे म्हणता येतं. दर दोन महिन्यांनी अक्कांचा फोन यायचा, "अण्णा, तुमचं आलंय बघ." शनिवारी सकाळी रिकामं सिलिंडर गाडीत घालून मी शहर ओलांडायचो. त्यांच्या व्हरांड्यात चहा, वर एखादं कोडबळे, म्हणजे इथलं कडबोळं, आणि फार थोडं बोलणं. समोरच्या झाडाची गुलाबी फुलं फरशीवर येऊन पडायची. ती झाडायची नाहीत असा त्यांचा नियम होता. वाळून गेली की वारा नेतो म्हणायच्या.

येताना भरलेलं सिलिंडर मागच्या सीटवर असायचं, त्याला पट्टा लावलेला. इलेक्ट्रॉनिक सिटीकडच्या उंच रस्त्याला गाडी लागली की खालचं शहर नाहीसं व्हायचं. ढगाळ उजेड, दोन्हीकडं गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, आणि आरशात मागं बसलेला तो लाल, गप्प पाहुणा. कधी कधी वाटायचं, हा रस्ता संपूच नये. आम्ही दोघं असेच जात राहावं, कुणी काही विचारू नये. मुलगी त्याला लाल आजोबा म्हणायची. "लाल आजोबा आले!" म्हणून दार उघडायची.

बायको म्हणायची, "एजन्सी आहे का सासुरवाडी तुमची? माझ्या आईकडं जायला कधी एवढी गाडी काढली नाहीत."

मग गेल्या वर्षी, गणपतीच्या आठ दिवस आधी, आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आला.

बायकोनं शेगडी लावली, बंद केली, परत लावली. निळी ज्योत एकसारखी, कुणी आणून न दिलेली. "सुटले बाई," ती म्हणाली. "आता ते जुनं परत करून टाका. नियमच आहे तसा."

त्याच आठवड्यात अक्कांचा फोन आला. "अण्णा, आलंय बघ. कधी येतोस?" आधीचं रिकामं मी मागच्या खेपेलाच त्यांच्याकडं ठेवून आलो होतो, त्यामुळं भरलेलं येऊन व्हरांड्यात उभं होतं.

तेव्हाच सांगायचं होतं. अक्का, आता नको. एवढंच. पण 'आता नको' हे मनात म्हणून बघितलं तर ते सिलिंडरबद्दल वाटेना. मी म्हणालो, "शनिवारी येतो."

शनिवारी गेलो नाही. आणि आता जे लिहितो आहे ते बायकोलाही सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. शनिवारची सकाळ लोळत काढली. त्या सिलिंडरपायी अक्कांकडं जात होतो असं मी स्वतःला सांगत आलो होतो ना, मग सिलिंडर नको तर अक्काही नकोत, असा काहीतरी हिशोब आतल्या आत झाला असावा. त्यांच्या घरी माझं कौतुक व्हायचं तेव्हा मी त्यांचा अण्णा होतो. नुसतंच जायचं म्हटल्यावर मी आळशी निघालो.

फोन येत राहिले. "बायको स्वैपाक कशावर करती रे?"

"विजेच्या शेगडीवर चाललंय, अक्का."

"अय्यो, त्यावर भाकरी होते काय? लौकर ये."

दसऱ्यानंतर एकदा म्हणाल्या, "अण्णा, माझं बुकिंग होईना. कार्ड आमच्यांच्या नावावर आहे, ते तर गेले. एजन्सीत बोट लावायला बोलवलंय, कागद मागतायत. मला ते कागदावरचं कन्नडात काय इंग्लिशात काय, समजत नाही. तू सिलिंडर न्यायला येशील तेव्हा जाऊ दोघं."

"सरी, अक्का. शनिवारी नक्की."

तोही शनिवार गेला. पुढचाही गेला. फोन वाजला की मी नावाकडं बघायचो आणि तो वाजून थांबेपर्यंत दुसरीकडं. दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा सासूबाई आमच्याकडून परत निघाल्या. त्यांना यशवंतपूर स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. तिथून घरी यायचा रस्ता वेगळा होता, पण मी राजाजीनगरात शिरलो. ठरवून नाही. जुन्या वळणावर हात वळले, एवढंच म्हणता येईल. सकाळचे साडेदहा वाजले असतील. बारीक भुरभुर होती, आणि सगळी गल्ली दुधात बुडवल्यासारखी.

व्हरांड्यात सिलिंडर उभं होतं. जुन्या साडीचा फुलाफुलांचा तुकडा त्यावर पांघरलेला. वर हळदकुंकू, वाळलेलं शेवंतीचं फूल. आयुधपूजेला अक्का शिलाई मशीन पुजतात, विळी पुजतात. या वेळी आमचं सिलिंडरही पुजलं होतं.

दार उघडंच होतं. अक्का पाटावर बसून वाटीतून काहीतरी खात होत्या. दह्यात भिजवलेले पोहे.

"आलास?" त्या म्हणाल्या. उठल्या नाहीत.

स्वैपाकघराकडं माझं लक्ष गेलं. ओटा कोरडा, पातेली पालथी. त्या घराला सकाळी फोडणीचा वास असतो. त्या दिवशी नव्हता.

"अक्का, गॅस?"

"संपला. दसरा झाला आणि चार दिवसांनी."

मी बोटांवर मोजायला लागलो तशा त्या म्हणाल्या, "मोजू नको रे. पोहे आहेत, केळी आहेत. बाजूची कधी सांबार देती. बहीण असती तर तिच्याकडं गेले असते, ती गेल्या वर्षी गेली. वरच्या नव्या भाडेकरू पोरांकडं तर शेगडीच नाही, सगळं बाहेरनं मागवतात. मला पण मागवतो म्हणाली. मी म्हटलं बेडा, नको, आमचा अण्णा शनिवारी येणार आहे."

"पण हे भरलेलं होतं ना दारात! लावायचं की."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही वंगाळ बोललो. "तुझं आहे ते. तुझी बायको तिकडं विजेवर भाकऱ्या थापती आणि मी इथं तिचा गॅस जाळू? तू आलास आणि ते अर्धं असलं म्हणजे?"

मला आठवलं, जिन्यातलं खण्‌ खण्‌. मी त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसलो.

"अक्का, आमच्याकडं पाइपचा गॅस आलाय."

"कधी?"

"गणपतीच्या आधी."

त्यांनी वाटी खाली ठेवली. बाहेर भुरभुर चालू होती, तिला आवाजही नव्हता. मग व्हरांड्याकडं बघत म्हणाल्या, "म्हणजे त्याला मी रोज पुसत होते ते सुम्मने."

सुम्मने म्हणजे उगीच, विनाकारण. मी मान हलवली.

"सांगायचं की रे. फोनवर तर तू सरी सरी म्हणत होतास."

"लाज वाटली."

"कशाची? पाइपची?"

"नाही. येत नव्हतो त्याची. यायचं नव्हतं मला, अक्का. कंटाळा केला."

आयुष्यात इतकं सरळ मी कुणाशी बोललो नसेन. त्या म्हणाल्या, "होगली बिडु," म्हणजे जाऊ दे. पण गेलं नव्हतं. एरवी मी आल्याबरोबर पाण्याचा तांब्या पुढं येतो. त्या दिवशी मी उठून माठातलं पाणी स्वतः घेतलं.

मग सिलिंडर आत आणलं. तरी त्या शेगडीपाशी आडव्या उभ्या राहिल्या. "आधी मालकिणीला विचार."

मी बायकोला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"पोरी, तुझं सिलिंडर लावून घेऊ काय मी?" अक्कांनी विचारलं.

"अहो अक्का, आम्हाला कशाला पाहिजे ते? दोन महिने झाले पाइप येऊन. यांनी सांगितलं नाही?"

मी सिलिंडरच्या तोंडावरचं झाकण काढायला लागलो. पलीकडं बायको गप्प झाली. तिला गप्प होताना मी फार कमी वेळा ऐकलं आहे. शेवटी ती एवढंच म्हणाली, "अक्का, लावा. आणि यांना चहा देऊ नका."

अक्का हसल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. मी वॉशर बघितला, रेग्युलेटर बसवला. काडी ओढल्यावर निळं कडं उमटलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात त्याच्यावर धरले, थंडीतल्यासारखे. चहा मला मिळाला. साखर नव्हती त्यात. विसरल्या की काय, मी विचारलं नाही.

त्याच दुपारी एजन्सीत गेलो. त्यांचं बोट यंत्राला ओळखू येईना, भांडी घासून रेषा झिजलेल्या. चौथ्या खेपेला आलं. कार्ड त्यांच्या नावावर व्हायला आणखी दोन शनिवार गेले. टेबलामागच्या माणसानं मला विचारलं, "तुमचं परत करायचंय ना?"

"घरातलं रिकामं आणलंय, दुसरं संपलं की आणून देतो," मी म्हणालो.

एकट्या बाईचा तो गॅस. एक वाटी भात, थोडं सारू म्हणजे सार, दोन वेळचा चहा. त्यांचं स्वतःचं भरलेलं येऊन व्हरांड्यात उभं राहिलं, तोच फुलांचा तुकडा पांघरून. मी शनिवारी जाऊन आतलं उचलून बघायचो. "आहे अजून," अक्का माझ्या आधीच सांगायच्या. दिवाळी गेली, संक्रांतीला त्यांनी हातावर तीळ-बेल्ल, म्हणजे इथला तीळगूळ, ठेवलं. समोरचं झाड फुलून फरशी गुलाबी झाली. सिलिंडर हलकं होत गेलं आणि ते मला नको होतं.

एका शनिवारी दूध तापत असताना ज्योत लहान झाली, पिवळी झाली, गेली. आम्ही दोघं तिथंच उभे होतो. मी व्हरांड्यातलं आत आणून लावलं. आमचं रिकामं गाडीत घातलं, एजन्सीत कार्डासकट दिलं आणि पावती खिशात ठेवली. अक्का दारात होत्या. पुढच्या वेळी कधी, असं त्यांनी पहिल्यांदाच विचारलं नाही.

पुढचा शनिवार आला. मी गाडी काढली. मागची सीट रिकामी होती, पट्टा लोंबत होता. उंच रस्त्यावरून गच्च्या, चादरी, सगळं तसंच वाहत मागं गेलं. अक्कांच्या गेटाशी गाडी लावली आणि आतच बसून राहिलो. काहीतरी न्यायला हवं होतं, केळी तरी. उतरून गेटाच्या कडीला हात लावला आणि काढून घेतला.

"कोण ते?" व्हरांड्यातून आवाज आला. मग, "अण्णा? सिलिंडर तर नेलंस की. आज काय काम काढलंस?"

मी परत कडीला हात लावला.

"सुम्मने," मी म्हणालो.

अक्का चष्म्यातून बघत राहिल्या. पायाशी फुलं पडली होती, ती त्यांनी पावलानं बाजूला सारून वाट केली.

"मग गेट लावून आत ये," त्या म्हणाल्या. "मांजर शिरतंय."