खर्पुडीचा देव

माझ्या मावशीच्या यजमानांइतका एका फुलाचा संसार केलेला माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही. काका किन्हवलीला मास्तर होते. मावशी म्हणायची, "मी यांची दुसरी. पहिली ती खर्पुडी." खर्पुडी म्हणजे कातळावरच्या चिमूटभर मातीत पावसाळ्यात उगवणारी, कंदिलासारखं फूल येणारी नाजूक वेल. धसईच्या पुढे डोंगरावरच्या एका सपाट, कातळी सड्यावर ती थोडीफार उरली होती आणि काका तिच्याबद्दल घरातल्या दुखणाईताबद्दल बोलावं तसं बोलत. नव्वदच्या दशकात एकदा शहापूरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी माझ्या वडिलांना कळवलं, "प्रकृती चिंताजनक आहे. फार पावसाळे काढील असं वाटत नाही." वडील मोसंबी घेऊन किन्हवलीला हजर, तर दार मावशीनंच उघडलं. मोसंबी काकांनी खाल्ली.

जागा मात्र कुणाला सांगायची नाही. गुराखी कंद उकरून खातात, ही त्यांची धास्ती. मला न्यायचं ठरलं तेव्हा धसईला एसटीतून उतरल्यावर आधी उलट्या दिशेला चालवलं, एकच ओढा दोनदा ओलांडायला लावला आणि सड्यावर पोचल्यावर म्हणाले, "आता वाट विसर." ती मला कळलीच कुठे होती!

तेवढ्यानं भागेना, म्हणून एका वर्षी त्यांनी सड्यावरच्या धोंड्याला शेंदूर फासला. देवाच्या जागी कुणी कुदळ मारणार नाही, हा हिशेब. तो अगदी बरोबर निघाला. उकराउकर थांबली. काका इतके खूश, की त्या देवाला 'आमचे चिरंजीव' म्हणू लागले.

देवावर भिस्त ठेवून मधली काही वर्षं काका वर फिरकले नव्हते; मग एका भाद्रपदात आम्ही वर गेलो, तर धोंड्यापुढे खालच्या वाडीतली एक म्हातारी बसलेली, आणि देवाच्या डोक्यावर, पायाशी, सगळीकडे खर्पुडीची फुलं. वेलींवर एकही नव्हतं. म्हणजे बी धरणार नव्हतं.

"या मास्तर," ती म्हणाली. "देवाच्या अंगनातली फुलं देवालाच वाहतो आमी. आंदी टोपलीभर निघायची. यंदा एवढीच गावली."

काका म्हातारीशेजारी बसले. म्हणाले, "बाय, हा देव मी केलाय. फुलं वाचावीत म्हणून."

म्हातारीला त्याचं काहीच वाटलं नाही. "असंल. कुनीतरी करतोच. पन तोडू नका, असं नुसतं सांगितलं असतंत, तरी नसती तोडली."

परतीच्या एसटीत मला त्यांची फार दया आली. पुढच्या पावसाळ्यात वाडीतल्या कुणी फुलाला हात लावला नाही, पण वेलीच मोजक्या उगवल्या होत्या. काका त्यांच्यापाशी उन्हं कलेपर्यंत बसून राहिले. म्हातारी काठी टेकत वर आली, त्यांच्याकडे बघून हळूच म्हणाली, "तोडू नका म्हनून आजून कुनाला सांगायचं ऱ्हायलं का, मास्तर? मी सांगते."

"सगळ्यांना," काका म्हणाले.