राख हलकी काऊन होते?

कोहमाऱ्याच्या नाक्यावर मी बसची वाट पाहत उभा होतो. सुखदेवजींचा भाचा सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "मामाजी सकाळी गेले." सहा आठवडे झाले त्याला. छातीचं दुखणं वर्षभर चाललंच होतं, तेव्हा धक्का बसला असं म्हणता येत नाही. पण माझी बस समोरून निघून गेली आणि तिला हात दाखवायचंही मला सुचलं नाही.

सडक अर्जुनीच्या शाळेत आम्ही एकाच वर्षी लागलो, देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी. मी मराठी शिकवायचो, ते विज्ञान. जळलं की वस्तू हलकी होते, असं पोरं ठामपणे सांगत. मग सुखदेवजी मॅग्नेशियमची फीत झाकणाच्या मुशीत तापवत, आधी आणि नंतर तोलून दाखवत. पारडं खाली जाई. हवेतला प्राणवायू धातूत शिरला, त्याचंच हे वाढलेलं वजन, एवढंच ते सांगत.

त्यांच्या पत्नीला, यमुनावहिनींना, ओल्या लाकडांच्या धुरानं खोकल्याची उबळ यायची. म्हणून सुखदेवजींनी गोंदियाहून घासलेटचा स्टोव्ह आणला. एका दुपारी तो भडकला. शाळेत निरोप आला तसे आम्ही दोघं धावलो. रस्त्यावर एक ट्रक थांबवून वहिनींना गोंदियाकडे नेलं... त्या पोचल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अस्थींचं गाडगं दोन्ही हातांत धरून सुखदेवजी बराच वेळ उभे राहिले. "एवढीच?" ते म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षं ज्वलनाचा धडा ते पोरांना नुसता वाचायला सांगत. तिसऱ्या वर्षी एका मुलीनं विचारलंच. आमच्या वर्गांमध्ये फक्त बांबूचा तट्टा होता, त्यामुळे मला ऐकू आलं. "गुरुजी, धातू जळून भारी होते, मंग लाकडाची राख हलकी काऊन होते?"

तट्ट्यापलीकडे खडू टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"राख म्हणजे उरलेलं," ते शेवटी म्हणाले. "बाकीचं हवेत गेलं. तो सारा धूर, सारी वाफ धरून तोलता आली, तर लाकडाहून जास्तच भरंल, प्राणवायू मिसळला असते त्यात. नाहीसं काहीच होत नाही, बाई. आपल्याले धरता येत नाही, एवढंच."

मग ते बाहेर येऊन पडवीत बसले. तास संपेपर्यंत मी दोन्ही वर्ग सांभाळले. घरी जाताना वाटेत म्हणाले, "स्टोव्ह मीच आणलो होतो."

परवा भाच्यासोबत त्यांचं घर आवरायला गेलो. स्वयंपाकघराची एक भिंत आढ्यापर्यंत काळी. दर दिवाळीला सुखदेवजी साऱ्या घराला चुना मारत, तेवढी भिंत सोडून. भाच्यानं बादलीत चुना भिजवून ठेवला होता. "मास्तर, हे बी करून टाकू काय?" त्यानं विचारलं. मी भिंतीला हात लावला. इतक्या वर्षांनीही काजळी बोटांना आली.

राहू दे, म्हणालो. घरी पोचेपर्यंत ती बोटं मला कशालाच पुसवली नाहीत.