पाहुण्यांच्या दिवशी धुराडं

आमचं दोघांचं कॉलेजातच ठरलं होतं. त्याच्या आईनं हो म्हणायचं तेवढं बाकी होतं, आणि तिला गोरी सून हवी होती. मी सावळी. म्हणून ते लोक पाहायला येणार त्या सकाळी आत्या पावडरचा डबा घेऊन माझ्या मागे, आणि मी आपली हवेत. तो आज सिहोऱ्याला आमच्या घरात येणार, एवढ्यानंच मला उगाच हसू फुटत होतं.

घरात गॅस आहे. पण पाहुण्यांना तांदळाचे आयते, म्हणजे आमच्याकडची घावनं, चुलीवरच्या तव्यावरचीच खाऊ घालायची, हा बाबांचा हट्ट. चूल पेटवली तर धूर वर जायचं नाव घेईना. अख्खा पावसाळा ओली लाकडं जाळलेली. धुराड्याच्या पाइपात डांबरासारखी चिकट काजळी बसली होती. अशी काजळी कधीतरी आतच पेट घेते आणि छपराच्या कवेलूखालचे बांबू जळतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण धुराडं साफ करायची आठवण पाहुणे यायच्या दिवशी.

चूल विझवून, निवू देऊन बाबा कवेलूंवर चढले. दोराला दगड, दगडाभोवती बोरीच्या काटेरी फांद्या. तो गोळा पाइपात वरखाली करायचा. काजळी घरात उडू नये म्हणून चुलीच्या तोंडावर ओलं पोतं दाबून धरायचं काम माझं.

“बाई, मी सांगतपर्यंत पोतं सोडू नको,” बाबा वरून म्हणाले.

तेवढ्यात अंगणात ऑटो थांबला आणि मला त्याचं बोलणं ऐकू आलं. आता कोण जागेवर बसेल? मी पोतं टाकून खिडकीकडे पळाले, आणि वरून गोळा आला.

भस्सकन सगळी काजळी घरात. दारात त्याची आई, मोतिया रंगाच्या साडीत, नखशिखांत काळी. मागे तो, काळा. आत्या काळी. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघं जे हसत सुटलो, ते काही केल्या थांबेना. आता सगळं संपलं हे मला कळत होतं, भीती वाटत होती, तरी हसूच येत होतं.

त्याच्या आईनं पदरानं तोंड पुसलं, आणखी माखून घेतलं, आणि सरळ चुलीपाशी येऊन आत वाकून पाहिलं.

“ओली लाकडं जाळता वाटते?”

“हो.”

“अन् पोतं काहून सोडलं?”

“ऑटो आला ना. पाहाले धावली.”

“ऑटोले?”

“नाही,” मी म्हणाले, “तुमच्या पोराले.”

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. वरून बाबा विचारत होते, “काय झालं? टाकू का आणखी?”

त्याच्या आईनं साडी खोचली, चुलीसमोर बसली आणि पोतं दोन्ही हातांनी दाबून धरलं.

“टाका, इवाही,” ती वर तोंड करून म्हणाली. “हे पोरगी काही जागेवर राहत नाही. आता मी धरून आहो.”

तिनं चक्क व्याही म्हटलं, आणि बाबांनी कितीतरी वेळ वरून काही टाकलंच नाही.