श्वास घेणारी पेटी

बॅगांच्या त्या कारखान्यात शेवटची तपासणी यंत्रावर होत नाही, आत्याच्या कानावर होते. पेटी कॅमेऱ्याची असो, व्हायोलिनची असो की डॉक्टरांच्या उपकरणांची, आत वस्तू ठेवायची, खटका लावायचा आणि आत्याच्या हातात द्यायची. आत्या ती कानाशी धरते, डोळे मिटते आणि चांगली गदागदा हलवते. आवाज आला नाही तर पेटी पास. आत जरा जरी खुट्ट झालं की पेटी परत, आणि शिवणाऱ्याची काही धडगत नाही. "हललं की फुटलं," हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि ती ते अशा ठसक्यात म्हणते की मालकसुद्धा मुकाट्याने मान डोलावतात.

ती कामाला लागली तेव्हा गळ्यातल्या ओळखपत्रावर हुद्दा लिहिला होता 'मदतनीस'. पुढे ती कापड कातरायला लागली, मग नमुने काढायला लागली, मग तपासायला. कार्ड मात्र तेच राहिलं. एकदोनदा तिने कचेरीत सांगून पाहिलं. तिथले लोक हो हो म्हणाले आणि विसरून गेले. आत्या मानी बाई, तिने तो विषयच सोडून दिला. मनातून सोडला का, ते मात्र विचारू नका.

घरात भाऊ, वहिनी आणि भाची. भाचीला सगळे चिंगी म्हणतात. कॉलेज संपत आलं तरी चिंगीची काही कोणी ताई केली नाही. ही चिंगी कॉम्प्युटरवर खेळते. वेळ जात नाही म्हणून नव्हे हं, संघ करून, सामने भरतात तिथे जाऊन. पाच जणांचा संघ, आणि प्रत्येकाने आपापलं मशीन सोबत आणायचं असा तिथला नियम. भाऊ म्हणायचा, "एवढी घोडी झाली आणि खेळतेय काय!" आत्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरगी जिंकून आली की तिच्याच अंगावर मूठभर मांस चढायचं.

मागच्या सामन्याला मात्र घात झाला. चिंगीचं मशीन म्हणजे चांगलं कपाटाएवढं धूड. आत्याने ते स्वतः बांधलं, गोधड्यांत गुंडाळलं, दोऱ्या आवळल्या. बाहेरून बघाल तर ओरखडा नाही. पण बस खड्ड्यांतून गेली आणि आतलं भलंमोठं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळाची चित्रं पडद्यावर आणणारा भाग, स्वतःच्या वजनाने लोंबकळून, सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डची खाच तोडून मोकळं झालं. मशीन सुरूच झालं नाही. चिंगीच्या खुर्चीवर राखीव खेळाडू बसला. परतल्यावर संघाच्या कप्तानाने स्पष्टच सांगितलं, "पुढच्या वेळी तिथे पोचून मशीन चालू झालं नाही, तर ती खुर्ची कायमची त्याची."

चिंगी रडली नाही, गोधड्यांच्या घड्या घालत बसली. ते आत्याला जास्त लागलं. आपण बांधलेली वस्तू फुटली! एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं.

"असलं धूड न्यायचंच कशाला?" तिने विचारलं. "हातात धरून नेता येईल असं काही मिळत नाही का?"

"मिळतं ना. लहान कॅबिनेट येतं, म्हणजे बाहेरची पेटी, वर मूठ असलेली. पण मग आतलं सगळंच त्याच्या मापाचं लागतं. मदरबोर्ड छोटा, पॉवर सप्लाय छोटा, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बुटका, कार्ड आखूड. एक जरी चुकलं तर झाकण लागत नाही."

"मापाचं म्हणतेस?" आत्याचे डोळे चमकले. "मग मला ने की तिकडे!"

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात. कपाळावर चष्मा चढवून बसणारा एक शांत माणूस तिथे मशीनं जोडून द्यायचा. त्याने तीन कॅबिनेटं समोर मांडली. पहिल्याला दोन्ही बाजूंनी काच. आत्या म्हणाली, "प्रवासाला काच? उचला हे आधी." दुसरं चपटं, पुस्तकासारखं उभं राहणारं, पण त्याला धरायला काहीच नाही. तिसरं बुटांच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं, चारी बाजूंनी जाळी आणि वर मूठ. आत्याने मूठ धरून ते उचललं, झुलवलं, उलटं केलं आणि मुठीचे स्क्रू कुठवर जातात ते बघितलं. वरच्या पत्र्याला नव्हे, खालच्या सांगाड्याला जात होते.

"हे. याची मूठ हातात येणार नाही," ती म्हणाली आणि चष्मेवाल्याने मान हलवली.

चिंगीचा जुना प्रोसेसर शाबूत होता, मेमरीही. तो प्रोसेसर ज्यात बसेल असा छोटा मदरबोर्ड चष्मेवाल्याने काढून दिला. छोटा पॉवर सप्लायही सापडला. राहिले कार्ड आणि कूलर, आणि तिथेच आत्याच्या अंगात आलं. तिने पिशवीतून पुठ्ठा आणि कात्री काढली, प्रत्येक कार्डाच्या मापाचा पुठ्ठा कापला आणि कॅबिनेटमध्ये बसवून बघायला लागली. आखूड, पातळ कार्ड ठेवलं की बाजूला फट राहायची. आत्याला फट म्हणजे डोळ्यांत खुपलेली काडी. शेवटी तिला जाडजूड कार्ड सापडलं, जाळीला अगदी टेकणारं. कूलरही तिने असा निवडला की त्याचं डोकं दुसऱ्या जाळीला लागावं. तसूभर जागा उरली नाही.

"आत्या, बसेल तर खरं," चष्मेवाला हळूच म्हणाला, "पण हे श्वास घेणार नाही हो."

"मशीन आहे की बाळ? श्वास कसला?"

"मी सांगायचं काम केलं. वापरून बघा, नाहीच जमलं तर बदलून देईन."

चिंगीने आत्याची बाही ओढून पाहिली. पण आत्या एकदा कामात शिरली की बाही काय, भिंत ओढली तरी हलत नाही. पैशांचं त्या दोघींनी आपसांत काय ते ठरवलं, त्यात आपण नाक खुपसायचं कारण नाही.

घरी येऊन आत्याने जी काही बारीकसारीक पोकळी राहिली होती तीही फोमचे तुकडे कोंबून भरून टाकली. मग पेटी कानाशी धरली आणि गदागदा हलवली. टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नाही! तिने भावाला हाक मारली, वहिनीला मारली, शेजारणीलासुद्धा बोलावलं. सगळ्यांच्या कानाशी पेटी हलवून दाखवली. "ऐकू आलं काही? नाही ना? मग!"

चिंगीने खेळ लावला. थोडा वेळ झकास चाललं. मग आतला पंखा घरघरायला लागला, मग किंचाळायला लागला. चित्र अडखळायला लागलं, आणि पडदा काळा झाला. आत्याने कॅबिनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बसलाच होता चटका.

"फसवलं मेल्याने!" ती कडाडली. "जुनापुराणा माल गळ्यात मारला! थांब, जाऊन चांगली खरडपट्टी काढते त्याची."

"आत्या, बस जरा खाली," चिंगी म्हणाली. "मला एक सांग. तुमच्या कारखान्यात मांजराची पेटी होते ना? प्रवासात मांजर न्यायची?"

"होते की. नमुना माझाच आहे."

"तिला जाळी का ठेवता?"

"हा काय प्रश्न झाला? मांजर गुदमरेल की नाही?"

"आणि त्या जाळीवर कोणी फोम चिकटवला तर?"

"हात तोडीन त्याचे!" आत्या तावातावाने म्हणाली, आणि मग तिचं लक्ष समोर गेलं. जाळीला टेकलेलं कार्ड, जाळीला टेकलेला कूलर, मध्ये दाबून भरलेला फोम. तिने झाकण उघडलं आणि फोमचा एकेक तुकडा उपसायला लागली. घरातल्या कोणी आत्याला स्वतःचंच काम उसवताना याआधी पाहिलेलं नव्हतं. भाऊ हसणार होता, पण वहिनीने डोळे वटारले.

आत्या म्हणाली, "म्हणजे हे मांजर आहे तर. मग आधी नाही का सांगायचं? मी पेटी केली व्हायोलिनची आणि आत घातलं मांजर!"

सकाळी दुकान उघडायच्या आधी ती पायरीवर हजर. चष्मेवाल्याने 'मी म्हटलं होतं' असं एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, आणि हे आत्याने कायम लक्षात ठेवलं. जाड कार्ड परत गेलं, त्याच्या जागी आखूड, पातळ आलं. कूलर बुटका आला. आता दोन्ही जाळ्यांपाशी बोटं शिरतील एवढी मोकळी जागा होती, आणि ती आत्याने स्वतःच्या हाताने ठेवली, दात आवळून का होईना. पण फट राहिली म्हणजे वस्तू हलणार. हललं की... ते तिला कोणी शिकवायला नको. कार्डाच्या शेपटाखाली लोखंडी पट्टीचा आधार हवा, हे तिनेच सुचवलं, आणि चष्मेवाल्याने पट्टी वाकवून सांगाड्याला आवळून दिली.

"प्रवासात मात्र आत फोम घालणार," ती म्हणाली. "तेव्हा मांजर झोपलेलं असतं."

"घाला," चष्मेवाला म्हणाला. "पण तिथे पोचल्यावर घाईत काढायचा विसरलात तर सगळं मुसळ केरात."

आत्या त्यावर विचार करत घरी आली आणि मशीनवर बसली, शिवणाच्या. फोमचे सगळे तुकडे तिने एका लांब लाल पट्टीवर ओळीने शिवले. पट्टीचं टोक झाकणाच्या फटीतून बाहेर काढलं आणि बरोबर चालू करायच्या बटणावर आणून तिथे बक्कल लावलं. आता पट्टी सोडल्याशिवाय बटणच दिसणार नाही, आणि झाकण उघडून पट्टी ओढली की फोमची अख्खी माळ बाहेर. विसरायची सोयच ठेवली नाही. चिंगीने ते बघितलं आणि आत्याच्या गळ्यातच पडली.

"सोड, सोड," आत्या म्हणाली. "सुई टोचेल."

सामन्याला जाताना चिंगी म्हणाली, "तूही चल." आत्याने आजवर जगभर फिरणाऱ्यांच्या बॅगा केल्या, पण स्वतःची बॅग भरायची वेळ तिच्यावर क्वचितच आली होती. ती निघाली. बसमध्ये पेटी वर फळीवर ठेवू द्यायला ती तयार होईना. सबंध रस्ता मांडीवर घेऊन बसली, आणि प्रत्येक खड्ड्याला पेटीला म्हणाली, "झोप, झोप."

सभागृहाच्या दाराशी गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई उभी होती. "आत फक्त खेळाडू. संघासोबत एक तंत्रज्ञ चालेल. तुमचा कोण?"

कप्तान चाचरला. त्यांच्या संघाला तंत्रज्ञ कधी नव्हताच. चिंगीने आत्याला पुढे ढकललं. "या."

"नाव?"

"आत्या," चिंगी सवयीने बोलून गेली, आणि त्या बाईने तेच लिहिलं. गळ्यात घालायच्या कार्डावर ठसठशीत अक्षरं उमटली, 'आत्या', आणि खाली 'तंत्रज्ञ'. आत्याने ते दोनदा वाचलं. मग पदर सारखा केला, कार्ड गळ्यात घातलं आणि ताठ मानेने आत गेली.

टेबलावर पेटी ठेवली. राखीव खेळाडू शेजारीच उभा होता, त्याचं मशीन तयार होतं. कप्तान घड्याळाकडे बघत होता. आत्याने बक्कल सोडलं, झाकण उघडून लाल पट्टी ओढली, फोमची माळ सरसर बाहेर आली. चिंगीने झाकण लावून बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतला पंखा हलकेच फिरला, आणि पडदा उजळला.

"बस गं," कप्तान चिंगीला म्हणाला, आणि राखीव मुलाने हसून तिची खुर्ची ओढून दिली.

सामना सुरू झाला. लोक ओरडत होते, टाळ्या पडत होत्या, मोठ्या पडद्यावर काहीबाही उडत होतं. आत्याने तिकडे पाहिलंच नाही. ती चिंगीच्या मागे उभी राहून पेटीच्या जाळीजवळ तळहात धरून होती. जाळीतून कोमट वारा एकसारखा येत होता. पंखा एकदाही किंचाळला नाही. ती मनातल्या मनात म्हणत होती, घे, असाच श्वास घे.

अचानक सभागृह दणाणलं. पाचही पोरं उड्या मारायला लागली.

"काय झालं? काय फुटलं?" आत्या दचकली.

"अगं आत्या, जिंकलो!"

तेव्हा कुठे आत्याने जाळीवरचा हात काढला आणि डोळ्यांना लावला. रडली ती, चारचौघांत रडली, आणि लपवलंही नाही. कप्तान तिच्याजवळ आला आणि ओशाळून म्हणाला, "आत्या, माझंही मशीन असंच लहान करून द्याल का?"

आत्याने त्याच्या टेबलाखालच्या धुडाकडे बघितलं. "देईन की. पण तू हत्ती आणलायस रे बाबा. आधी तो बारीक करावा लागेल."

सोमवारी आत्या कारखान्यात गेली तेव्हा गळ्यात नवं कार्ड होतं. जुनं घरी खुंटीवर. फाटकावरचा रखवालदार तिला ओळखत होता, तरी त्याने अडवलंच.

"आत्या, हे कार्ड इथलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग कसं सोडू? इथल्या कार्डावर तुमचा हुद्दा वेगळा आहे."

"तो चुकलाय," आत्या म्हणाली. "हा बरोबर आहे. हा वाचून सोड."

रखवालदाराने कार्ड हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं. मग त्याने फाटकाची नेहमीची लहान झडप सोडून मोठं दार उघडलं, आणि आत्या त्यातून आत गेली.